चालले आणि चाललो

भिंगारला माझे वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. साहेबांनी टाकून दिलेल्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी ते घरी आणत. त्यांतल्या एकीवर एक बाई घसा खरवडून गायची. शब्द कळायचे नाहीत, पण ती रडत नाही, भांडतेय, एवढं कळायचं. माझाही आवाज जाडा. शाळेच्या समूहगीतातून मला त्यापायीच काढलं होतं. या बाईनं मला परत गायला लावलं.

कॉलेजात तीन मुलांबरोबर बँड काढला. वाद्यं त्यांची, गाणी आणि आवाज माझा. ‘चालले मी उन्हातून, सावली मागणार नाही’ हे मी आईवर केलेलं गाणं. आई रोज नगरला पायी धुण्याभांड्याला जायची. गॅदरिंगला पोरं ते गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावत.

मग पुण्याहून स्पर्धेचं बोलावणं आलं. काही दिवसांनी गिटारवाला म्हणाला, स्पर्धा रद्द झाली. मी विश्वास ठेवला.

पुढच्याच महिन्यात नगरला त्यांचा कार्यक्रम लागला. मी आईला घेऊन गेले. माझ्या जागी लांब केसांचा एक मुलगा उभा होता आणि गात होता, ‘चाललो मी उन्हातून’. टाळ्या पडत होत्या. आई माझ्याकडे वळली.

“माज्या गान्याचा बाप्या केला की गं!”

मी तडक स्टेजमागे गेले. गिटारवाला केबल गुंडाळत होता.

“हे बघ, पुण्याचे लोक म्हणाले, रॉकला पोरगाच पाहिजे. शिवाय तुला मुक्कामाला न्यायचं म्हणजे घरच्यांची कटकट.”

“माझ्या घरी विचारलंस?”

तो पुन्हा केबल गुंडाळू लागला.

“आणि गाणं?”

“गाणं बँडचं असतं.”

“बँडचं होतं तर ‘चालले’ का खुपलं तुम्हाला? माझी आई पुसून टाकलीत तुम्ही!”

मी ओरडत होते. लोक पडद्याआडून बघत होते. बघू देत.

त्यानंतर मी मामांच्या भीमगीतांच्या पार्टीत शिरले. ढोलकी, पेटी आणि मी. मामांना माझे सूर चमत्कारिक वाटत, पण त्यांनी कधी अडवलं नाही. घोडेगावला पहिल्यांदा ‘चालले’ गायले, तेव्हा पुढं बसलेल्या बायांनी दुसऱ्या ओळीला सूर उचलला. पुढे पार्टीत गिटार आली, ड्रम आले आणि माझ्या नावानं कार्यक्रम लागू लागले.

लोक म्हणतात, आता सोडून दे, पोरं होती ती. मीही पोरच होते. गिटारवाला परवा भेटला, हसून म्हणाला, “एकदा एकत्र गाऊ या.”

मी नाही म्हणाले. त्या ‘नाही’ला आवाज चांगला लागला होता.