मामांचा माड

विश्रांती नावाची गोष्ट देवाने निर्माण केली आहे, यावर माझ्या बायकोच्या मामांचा कधीच विश्वास बसला नाही. पलटणीत पीटी उस्ताद म्हणून जवानांचा घाम काढून ते निवृत्त झाले आणि सीमेवर न सापडलेला शत्रू त्यांना मुलुंडला, आमच्या चाळीत सापडला. तो शत्रू म्हणजे आमची सुटलेली पोटं. पहाटे पितळी परात बडवून ते अख्खी चाळ उठवायचे. त्यांच्या चादरीची घडी अशी, की बायको म्हणायची, हिच्या कडेने कोथिंबीर चिरता येईल. एकदा नळावर त्यांनी बायकांच्या दोन रांगा केल्या आणि "हंडा उजव्या हाताला!" असं फर्मावलं. सावंतीणबाईंनी तो हंडा त्यांच्याच डोक्यावर रिकामा केला. मामा निथळत सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "शाब्बास! नेम चांगला आहे." माझ्यावर तर विशेष लोभ. मी पडलो जावई, त्यामुळे माझा उद्धारही आदरार्थी बहुवचनात व्हायचा. "जावयबापू, पोट आत घ्या, नाहीतर माका लाथ घालून आत घालूचा लागात!"

एका वादळात चाळीमागचा माड संडासाच्या पत्र्यावर कोसळला. म्युनिसिपालटी काही तो उचलेना. मामांनी बुंध्याभोवती फेरी मारली, शेंडा छाटला आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सात जणांना आपल्याबरोबर तो खांद्यावर घ्यायला लावला. पलटणीत म्हणे असेच ओंडके घेऊन पळतात; मग तीच आमची रोजची कवायत झाली. सगळ्यांत पुढे मामा, त्यांच्यामागे मी, आणि मागे सावंत, कांबळी वगैरे एकाच कंपनीतली, एकाच भोंग्यावर उठणारी माणसं. कांबळी इतका बुटका की बुंधा त्याच्या खांद्याला लागेचना. त्याच्या खांद्यावर गोणपाटाच्या घड्या रचाव्या लागल्या. "कंधा बदल!" मामा ओरडले की बुंधा डोक्यावरून दुसऱ्या खांद्यावर. त्यात कोणी अंग चोरलं की पुढच्यामागच्याला बरोबर कळायचं. "तोंडान खोटा बोलशीत रे, खांद्यान कसा बोलशीत?" मामा म्हणायचे.

सावंत आणि कांबळी यांचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून बोलणं बंद होतं. पण एकाच ओझ्याखाली रोज घाम गाळणारी माणसं किती दिवस तोंड फिरवून चालणार? कांबळीची आई आजारी पडली आणि दवाखान्याची गाडी बोळात शिरेना, तेव्हा आम्ही आठांनी तिची खाट उचलून कवायतीच्या तालात नाक्यापर्यंत नेली. सावंत तिच्या उशाशी होता. म्हातारी बरी होऊन आल्यावर चाळभर सांगत सुटली, "पालखीत बसल्यासारखा वाटला गो!"

आणि मग कंपनीला टाळं लागलं. वाटच लागली आमची. सुरुवातीला माड जास्तच जोरात उचलला जायचा, दुसरं करायला होतं काय? पण पोट काही कवायतीने भरत नाही. आधी सावंत गावाला गेला. राहिलेल्यांना बुंधा पेलेना, तशी मामांनी करवत आणली आणि एका माणसापुरता तुकडा कापला. तो सावंताच्या कुलूप लावलेल्या दाराशी नेऊन ठेवला. पुढे हाच रिवाज झाला. कोणी खोली विकून कळव्याला गेला, कोणी सासऱ्याकडे, एक गुत्त्यावर बसायला लागला तो पुन्हा कवायतीला आलाच नाही. कांबळी गेला त्या दिवशी मामांनी गोणपाटाच्या घड्याही त्याच्या ओंडक्यावर ठेवल्या. मला ती ओळ बघवायची नाही. बंद दारं आणि प्रत्येक दाराशी एक ओंडका. सकाळी करवतीचा आवाज आला की मी डोक्यावर पांघरूण ओढून घ्यायचो.

शेवटी मामा आणि मी उरलो. मला वापीला नोकरी लागली. बायको म्हणाली, "तुम्हीच सांगा बाई मामांना." मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. एका पहाटे परात वाजली नाही. बाहेर येऊन बघतो तर मामा वाकून भुसा झाडत होते. बुंध्याचे दोन तुकडे झाले होते.

"मामा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दोन दिस झाले, तुमचा खांदा हलका लागतोय जावयबापू."

मला रडूच आलं. म्हटलं, "चला ना आमच्याबरोबर. इथे आता कोण आहे तुमचं?"

"आणि कोण परत इलो तर?" मामा म्हणाले. "खंयचो दरवाजो ठोठावतलो तो?"

टेम्पो भरला. माझा ओंडका मामांनी दाराशी ठेवला नाही, आमच्या ट्रंकांच्या मध्ये घट्ट बसवला आणि वर दोरी आवळली. बायकोने पाया पडून घेतलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला मात्र कडक सलाम ठोकला. टेम्पो नाक्याला वळताना मी मागे बघितलं. त्या बंद दारांसमोर मामा उभे होते, आपला एवढासा तुकडा खांद्यावर घेऊन. मागे सात माणसं असावीत अशा आवाजात ते ओरडले, "कंधा... बदल!" आणि त्यांनी एकट्यानेच खांदा बदलला.