पाखरं बसली

केरू तांडेलाचा डावा गुडघा दिवाळी झाली की दुखायला लागायचा आणि शिमग्याला बरा व्हायचा. मिरकरवाड्यात या गुडघ्यावर इतके विनोद झाले होते की विचारू नका. "काय तांडेल, गुडघा सुट्टीवर गेला काय?" असं जेटीवर कुणीही उठून विचारायचं. डॉक्टरने फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. बोटीचा मालक चरफडला, मग बोट चालवायला दुसरा तांडेल बघून मोकळा झाला. केरूची बायको तुळसा रोज तेल चोळायची आणि चोळता चोळता बडबडायची, "नाटकी माणूस! पोटऱ्या बघा कशा दगडासारख्या आहेत."

ती खरं तेच बोलत होती. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. पण दिवाळीनंतर उत्तरेकडून पाखरं येतात आणि शिमगा झाला की परत जातात, हे साधं गणित मिरकरवाड्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? केरू पाखरांना भिऊन घरात बसलाय असं कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

कारण पाखरांवरच तर त्याचं नाव झालेलं! पुस्तकं वाचणारे त्यांना कुरव म्हणतात, मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला येणारे सीगल म्हणतात, मिरकरवाड्यात ती नुसती पाखरं. बोटीवर मासळी दाखवणारं यंत्र आलं तरी मालक म्हणायचा, यंत्र राहू दे बाजूला, केरू काय म्हणतो ते ऐका. आणि केरू कपाळावर हात आडवा धरून आभाळाकडे बघत राहायचा. बोटीवर नवा खलाशी आला की त्याला हमखास विचारायचा, "एवढ्या दर्यात पाखराला खाणं सापडतं कसं, सांग बघू?" खलाशी म्हणायचा, वरून मासा दिसत असेल. "डोंबल तुझं! पाखरू पाणी बघत नाय. ते दुसऱ्या पाखराला बघतं."

मग सगळं समजावून सांगायचा. खाली कुप्पा नाहीतर सुरमई लागलेली असते, ती बारक्या मासळीला वर हाकलते. एका पाखराला ती दिसते, ते बुडी मारतं. मैलभरावरचं दुसरं तेवढं बघून वळतं, त्याला बघून तिसरं. पण थंडीत उत्तरेचा वारा लागला आणि दर्या ढवळला की बारकी मासळी खोल जाते आणि पाखरांची उपासमार होते. मग ती ट्रॉलरच्या मागे लागतात, आपण टाकलेल्या कचऱ्यावर जगतात. तेही मिळालं नाही तर जे तरंगत असेल त्यावर जातात. आणि शेवटी तो आपला नियम सांगायचा. पाखरं बुड्या मारताना दिसली तर जाळं टाक. रांगेत निघालेली दिसली तर मागोमाग जा. पण नुसती घिरट्या घालत असतील आणि खाली येत नसतील, तर तिथे मासळी नाय. काहीतरी तरंगतंय. डिझेल जाळू नको.

हा नियम अर्ध्या मिरकरवाड्याने त्याच्याकडून उचललेला होता. आणि याच नियमाने त्याचं वाटोळं केलं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी होता, वारा आठवडाभर थांबलेला नव्हता. केरूची बोट भरून बंदराकडे निघाली होती. वायरलेस चार दिवस मुका पडलेला, बॅटरीने मान टाकली होती. दुपारचे साडेबारा झाले असतील. काळबादेवीच्या समोर, पण लांब खोल दर्यात, बोटीपासून मैलभर बाहेरच्या अंगाला, त्याला पाखरं दिसली. सोळा-सतरा असतील. गोल गोल फिरत होती. खाली झेपावायची आणि पाण्याला टेकायच्या आत परत वर उठायची.

रितेश नावाचा खलाशी होता बोटीवर. तो म्हणाला, "तांडेल, बघून येऊया काय?"

"काय बघायचंय? मढं असेल कसलंतरी," केरू म्हणाला. सुकाण त्याने बंदरावरच ठेवलं.

पाव तासाने त्याने सहज मागे बघितलं. पाखरं आता फिरत नव्हती. सगळी एका जागी, एकमेकांच्या अंगावर बसली होती. केरूने रितेशला कोपराने ढोसलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "बघ! बसली. सांगितलं नव्हतं तुला?"

संध्याकाळी मिरकरवाड्याला लागल्यावर कळलं. पहाटे मालगुंडच्या समोर एका बोटीवरून हरिश्चंद्र पडला होता. चहा ओतला तेव्हा एक पेला उरला, म्हणून लक्षात आलं. सगळ्या बोटी दिवसभर त्याला शोधत होत्या, वायरलेसवर सारखी हाक देत होत्या. हरिश्चंद्र म्हणजे केरूच्या धाकट्या बहिणीचा, सगुणाचा नवरा.

दुसऱ्या दिवशी पावसच्या खाली एका बोटीला जाळ्याला बांधायचा थर्माकोलचा बोया सापडला. त्याला हरिश्चंद्राचा टॉवेल बांधलेला होता, हात अडकवून राहता येईल असा, गाठ मारून. माणूस नव्हता. केरूने जेटीवर उभ्या उभ्याच हिशोब केला. मालगुंडला पहाटे पडला, वारा उत्तरेचा, बोया वाहत गेला पावसकडे. साडेबाराला तो कुठे असणार? काळबादेवीसमोर. त्याला तिथेच ओकारी झाली. लोक म्हणाले, भावाचं काळीज आहे, तुटणारच.

आणि सगुणा? तिने कुंकू पुसलं नाही. "मढं कुणी बघितलंय काय?" तिने सगळ्या वाडीला ठणकावून विचारलं. "टॉवेल बोयाला राहिला, म्हणजे त्याला कुणीतरी वर ओढून घेतला. बुडणारा माणूस टॉवेल सोडत नाय." कुठल्यातरी परक्या बोटीने उचलला असेल, सीमेपलीकडे नेला असेल, तुरुंगात असेल. तिकडून खलाशी सुटतात, तसा एक दिवस तोही सुटेल. तिकडून खलाशी सोडल्याची बातमी आली की ती टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायची. मग त्याच्या शर्टांना ऊन दाखवायची. पाच वर्षं दाढीचा साबणसुद्धा टाकला नाही बाईने.

हे सगळं केरू बघत होता. दर चार दिवसांनी तो सगुणाकडे जायचा, लाकडं फोडून द्यायचा, कौलं चाळून द्यायचा. दर वेळी सांगायचं ठरवून जायचा आणि "दादा, चहा घे" म्हणाली की चहा पिऊन परत यायचा. सांगितलं तर तिची आशा जाणार. आणि खरं बोलायचं तर, ती आपल्याकडे कसं बघेल याची त्याला जास्त भीती होती. रितेश दुबईला टगबोटीवर गेला तेव्हा त्याला बरं वाटलं. स्वतःच्याच बरं वाटण्याची मग त्याला शिसारी आली.

घरात पंखा लावायचा नाही, हा त्याने काढलेला नवा कायदा. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी नाही. वर काही गोल फिरायला लागलं की त्याचे डोळे तिथेच चिकटायचे आणि ते थांबायची वाट बघत राहायचा. थांबलं की आणखी वाईट. दुपारी साडेबाराला तुळसा ताट वाढायची, तो दीडपर्यंत हात लावायचा नाही. "भाताचा दगड होतोय," ती ओरडायची. त्याच्या कानात तेव्हा पाखरांचा कलकलाट चाललेला असायचा, आणि त्या कलकलाटाखाली एक हाक, जी मैलभर लांबून येणं शक्यच नव्हतं. शक्य नव्हतं हे त्यालाही कळत होतं. तरी यायची.

यंदाच्या जानेवारीत वारा उठला तो पंधरा दिवस बसलाच नाही. एकही बोट बाहेर गेली नाही. जाळी सुकत पडली, लिलाव बंद, बर्फवाले पत्ते खेळायला लागले. ट्रॉलर नाहीत म्हणजे कचरा नाही, आणि दर्यात मासळी खोल गेलेली. पाखरं उपाशी मरायला लागली. ती बंदरात शिरली, मग वाडीत शिरली. कौलांवर, विजेच्या तारांवर, उकिरड्यावर पाखरं. तुळसाच्या हातातून एकाने बोंबलाची काडी पळवली. वाडीला गंमत वाटत होती. केरूने खिडक्या लावून घेतल्या.

बाराव्या दिवशी सकाळी टीव्हीवर बातमी आली. पलीकडून खलाशी सोडले होते, नावं दाखवली. तुळसा धावत आली, "नाय हो आलं त्यांचं नाव. तिच्याकडे जा कुणीतरी." आता घरात बसून राहायला काही सबबच उरली नव्हती. केरू डोक्यावर टॉवेल घेऊन, खाली मान घालून निघाला. वाडीच्या टोकाला सगुणाचं घर. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आल्यावर त्याने मान वर केली, आणि त्याचे पाय तिथेच रुतले.

सगुणाच्या घरापुढच्या खळ्यावर पाखरं फिरत होती. गोल गोल. खळ्यात जुनी सुकी मांदेली पसरलेली, मधे सगुणा बसलेली, पाखरांना हाकलत होती. हात उचलला की पाखरं वर जात होती, खाली आला की उतरत होती. पंधरा असतील. सोळा असतील. तेवढ्यात सगुणाचा हात मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. ती कुठेतरी बघत बसली, हलेना. चेहरा सगळा मावळलेला. एक पाखरू खाली आलं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसलं. मग दुसरं बसलं. मग तिसरं.

"हल!" केरू किंचाळला. "हल गो! सगुणा, हात हलव! बसली गो ती, हात हलव!"

पाच वर्षं दुखणारा गुडघा घेऊन त्याने गडग्यावरून उडी मारली आणि वेड्यासारखे हात हलवत खळ्यात शिरला. मांदेली पायाखाली चिरडली. पाखरं फडफडत उठली. सगुणाचे दोन्ही खांदे धरून तो तिला गदागदा हलवत होता, "जिती आहेस ना गो? जिती आहेस ना?"

"दादा, सोड! येडा झालास काय? मला काय झालंय?" तिने त्याचे हात झटकले. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. दर्यावरच्या माणसाची मुलगी ती, दर्यावरच्याच माणसाची बायको. तिने हळूच विचारलं, "पाखरं बसली म्हणजे काय होतं, दादा?"

केरू खाली बसला.

"कुठे बघितलंस तू?"

मग त्याने सांगितलं. मुका वायरलेस, सोळा-सतरा पाखरं, झेपावून परत उठणारी. रितेशने विचारलेलं सांगितलं. "मढं असेल" हे स्वतःचे शब्दही सांगितले. तेवढे तरी गाळले असते तर चाललं असतं, पण गाळले नाहीत. पाव तासाने मागे बघितलं तेही सांगितलं.

पाखरं परत वर जमायला लागली होती. सगुणाने न बघताच एक हात वर धरून ठेवला.

"फिरत होती तोवर तो हात हलवत होता," ती म्हणाली.

"होय."

"किती वाजले होते?"

"साडेबारा."

"मी त्याच्यासाठी कुळथाची पिठी झाकून ठेवली होती," ती म्हणाली. "त्याला गार आवडायची नाय. दोनदा गरम केली."

केरू हुंदके द्यायला लागला. तिने त्याला गप्प केलं नाही. जवळ घेतलं नाही, शिवीही दिली नाही. चिरडलेली मांदेली तिने एक एक करून वेचली, सुपात भरली आणि आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी नळावर आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. बायका हादरल्या. "अगो बाय, काय झालं?" सगुणा म्हणाली, "कळलं मला." कुणाकडून कळलं, हे तिने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी वारा पडला. सगुणा केरूच्या दारात आली, पण उंबरा चढली नाही. तुळसा "ये गो, बस" म्हणाली तरी नाही. केरूला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "तुझा गुडघा बरा झालाय. बोटीवर जा. मासळी मिळो न मिळो, पाखरं फिरताना दिसली की आधी तिथे जायचं. आणि संध्याकाळी मला येऊन सांगायचं."

केरू आता भर थंडीत बोटीवर जातो. मालक डिझेलसाठी ओरडतो, खलाशी मागून हसतात, मिरकरवाडा म्हणतो तांडेलाची नजर गेली. तो सुकाण फिरवतो आणि जातो. कधी ओंडका असतो, कधी जाळ्यात गुरफटलेलं कासव, ते तो सोडवतो. बहुतेक वेळा काहीच नसतं.

संध्याकाळी तो सगुणाच्या गडग्याबाहेर उभा राहतो. चहाचं ती आता विचारत नाही. एकच विचारते.

"आज काय होतं?"

"फळी होती," तो म्हणतो.

"जवळ जाऊन बघितलीस?"

"बघितली."

मग ती दार लावून घेते.