नळ आले

माझ्या धाकट्या भावाच्या गाण्याचं नाव ‘नळ आले’. गिटारवर म्हणतो तो. पुण्यातल्या एका कार्यक्रमानंतर एक बाई त्याला म्हणाल्या, दमयंतीचं वाट पाहणं फार छान मांडलंय, पण शेवटी नळराजा तिला भेटतो का? हा वेडा नुसता हसला. मी असते तर बाईंना आमच्या हर्सूलच्या गल्लीत आणून उभं केलं असतं.

आमच्याकडं पाणी येत नाही, नळ येतात. दुष्काळाच्या वर्षांत तर आज येतील, उद्या येतील करत आठवडा सरायचा. आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पडले, इमारती उठल्या, पाइपलाइन मात्र जुनीच. गल्लीच्या तोंडाशी कुणी “नळ आले” म्हटलं, की आई हातातलं टाकून पळायची. तव्यावरची पोळी करपली तरी चालेल. नळाच्या दिवशी ती लग्नाला जायची नाही, मयतीलाही नाही. लोक काय म्हणतील, असं मी म्हटलं की उलट विचारायची, “लोकं पाणी भरून देतेत व्हय?”

भावानं गाण्यापायी नोकरी सोडली तेव्हा त्याचं आणि आईचं कडाक्याचं भांडण झालं. तो पुण्याला निघून गेला, नंतर फोनवरही धड बोलणं नाही. आणि मग आईला झटका आला. तो दवाखान्यात पोचला तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. तिनं एकदा आपल्याशी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. किती हाका मारल्या त्यानं! माझा जीव तुटत होता. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितलं.

दुपारी तो तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, “आई, नळ आले.”

मला लई राग आला. ही काय थट्टेची वेळ होती? पण आईच्या पापण्या हलल्या. हात चादरीवर चाचपडायला लागला.

“मोठा हंडा लाव आधी.” जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

“लावला, आई.”

“भरलं का समदं?”

“व्हय. भरलं.”

तिचा चाचपडणारा हात थांबला. मग म्हणाली, “दमला असशील. बस आता.”

तो स्टुलावर बसला. आई पुन्हा बोलली नाही. संध्याकाळी ती गेली. माणसं जमली, तिला घरी न्यायची तयारी झाली, तरी हा जागचा हलेना. मी दंडाला धरून उठवायला लागले, तर म्हणाला, “ताई, तिनं बस म्हटलंय गं.”