डोंगरावरचा म्हातारा लवकर आला त्या वर्षी

बर्फ वितळू लागलं की समोरच्या डोंगरावर काळ्या खडकाचा एक तुकडा उघडा पडतो, आणि तो हुबेहूब वाकून बी पेरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. आधी टोपी दिसते, मग पाठ, आणि शेवटी कमरेची टोपली. टोपली दिसली की वांगी-टोमॅटोची रोपं घरातून काढून परसात लावायची, ही वाडीची जुनी रीत. पण टोपली दिसली की नाही, हे सांगायचा मान एकाच घराण्याचा. आधी गेन्पाचीच्या आजोबांचा, मग वडिलांचा, आणि वडील गेल्यावर गेन्पाचीचा.

वडील या बाबतीत फार पक्के. एका वर्षी डोंगर ढगात गेला, तर ते कुंपणाशी जाऊन बसले ते उठेचनात. बायकोनं जेवण तिथंच नेऊन दिलं. ढग हटले तेव्हा वडिलांना डुलकी लागलेली होती, ही गोष्ट वेगळी.

गेन्पाचीचा जन्म गेला लाकडाच्या वखारीत, करवतीपाशी. तिथं त्याचं मत कुणाला हवं होतं? घरीही त्याची बायको तोमेको हिनं त्याला काही विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. वसंतात मात्र लोक कुंपणाशी येत, टोपी काढत आणि अदबीनं विचारत, "काय म्हणतो म्हातारा?" त्या एका प्रश्नावर गेन्पाची पुढच्या वसंतापर्यंत ताठ चाले.

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ पडलं म्हणण्यापुरतंच पडलं. चेरीच्या कळ्या अजून मिटलेल्या, आणि डोंगरावर म्हातारा टोपलीसकट उभा.

गेन्पाचीनं डोळे चोळून पाहिलं, कुंपणाच्या या टोकावरून पाहिलं, त्या टोकावरून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात आला.

"टोपली दिसतेय."

"मग लावा रोपं," तोमेको म्हणाली.

"पण पाणथळीतले बेडूक अजून गप्प आहेत, म्हणजे थंडी गेली नाही."

"मग नका लावू."

"पण टोपली तर दिसतेय ना."

"अहो, काय ते एक सांगा. इथं माझा भात खाली लागतोय."

तेवढ्यात शेजारचा कुराझो कुंपणाशी येऊन उभा राहिला. "गेन्पाचीसान, काय म्हणतो म्हातारा?"

"आलाय," गेन्पाची म्हणाला. मन आत नाही म्हणत होतं, पण टोपली दिसत असताना ती दिसत नाही असं त्याच्या घराण्यात कुणी म्हटलं नव्हतं.

"इतक्यात?"

"मी का बोलावणं धाडलं होतं त्याला?"

कुराझोनं वाकून नमस्कार केला आणि वाडीभर निरोप फिरवला. गेन्पाचीनं आपली सगळी रोपं वरंब्यांवर लावून टाकली. बेडूक मात्र गप्प ते गप्पच. रोपं लावल्यापासून त्याची झोप उडाली, आणि का उडाली ते त्यालाच कळेना.

पुढं एका संध्याकाळी, सूर्य डोंगराआड जात असताना गावचा कर्णा बोलू लागला. आभाळ निरभ्र आहे, वारा पडलाय, पहाटे दहिवर गोठून पांढरं पडेल, कोवळी रोपं झाकून घ्या.

गेन्पाचीच्या हातातला चहा तसाच राहिला. आपल्या शब्दावर अख्ख्या वाडीनं रोपं लावली, ती आता सकाळी काळी पडणार. मग पुढल्या वसंतात कुंपणाशी कोण येणार? त्यानं ढकलगाडीत खताच्या रिकाम्या पिशव्या, कळकाच्या काठ्या आणि पेंढा भरला.

"आधी आपली झाका," तोमेको म्हणाली.

"आपल्यांचं बघू. लोकांची माझ्यामुळं मरतायत."

तो तडक कुराझोच्या परसात शिरला. वरंबे सुरेख ओढलेले होते, आणि त्यांवर एकही रोप नव्हतं. गेन्पाचीला वाटलं, अंधारून आलंय, दिसत नसेल. वाकून मातीला हात लावला. कोरी माती. पुढच्या परसात गेला, तिथंही तेच. त्याच्या पुढच्याही परसात तेच. दहिवर पडायच्या आधीच सगळ्यांची रोपं गेली कुठं?

कुराझो पडवीत बसून रोपांची तबकं आत ओढत होता.

"ही लावली नाहीस?"

"लावणारच होतो हो," कुराझो तबकाकडे बघत म्हणाला. "कंबर धरली होती माझी."

"आणि पलीकडच्यांची?"

"त्यांचीपण धरली असेल."

कुराझोची बायको आतून बाहेर आली. तिला आडपडदा ठाऊक नव्हता. "सांगून टाका की. गेन्पाचीसान, मात्सुए आजींची रजई अजून बांबूवर वाळत पडली नाही ना."

मात्सुए आजी म्हणजे वाडीतली वयानं सगळ्यात थोर बाई. पाय शेकायच्या ठेंगण्या टेबलावरची, कोतात्सूवरची, जाड रजई धुऊन तिनं वाळत घातली की थंडी खरी गेली. वाडी रोपं लावायची ती रजई बघून.

"कधीपासून हे?"

"तुमच्या वडिलांच्या वेळेपासून."

"मग मला विचारता कशाला?"

"वा, विचारायला नको?" ती म्हणाली. "तुमचा मान आहे तो."

लोकांची रोपं वाचली म्हणून हसावं, की जन्मभर आपल्याला नुसतं खेळवलं म्हणून रागवावं, हे गेन्पाचीला ठरवता येईना. तो ढकलगाडीला धरून उभाच राहिला.

"तुमची लावली नाहीत ना?" कुराझोनं विचारलं.

"लावली. सगळी."

मग मात्र कुराझोची कंबर एकदम बरी झाली. हाक गेली तशी वाडी धावली. तळ कापलेल्या पिशव्या प्रत्येक रोपाभोवती चार काठ्यांवर कंदिलासारख्या चढल्या, वर पेंढा पडला. पिशव्या संपल्यावर बादल्या आल्या, टोपल्या आल्या, न्हाणीतली घंगाळीसुद्धा आली. "म्हाताऱ्याची एवढी घाई, तर त्यालाच बोलवा पांघरुणं घालायला," असं कुणीतरी म्हणालं, आणि गेन्पाचीसुद्धा हसला.

सकाळी परस पांढरंशुभ्र. बादल्या उचलून बघितलं तर चराच्या कडेची सखल ओळ उकडल्यासारखी लोळत होती. गारठा तिथंच साचला असणार. बाकीची रोपं उभी होती.

गेन्पाची ऊन चढायच्या आत मात्सुए आजीकडे गेला. ती रजईत पाय घालून मुळ्याचं लोणचं खात होती.

"आजी, रजई कधी उचलायची ते तुम्ही कशावरून ठरवता?"

"तुझ्यावरून," ती म्हणाली. "तुझा निरोप येतो, मग पाय गार पडायचे थांबेपर्यंत वाट बघते. तुमचं घराणं जरा उतावळं, म्हणून कळ काढायची एवढंच."

"म्हणजे लोक तुमच्यावर, आणि तुम्ही माझ्यावर?"

"मला घरात बसून डोंगर दिसतो का?"

"मग खरं ठरवतं कोण?"

"मला वाटत होतं, तू," आजी म्हणाली आणि खाता खाता थांबली. आता तीही गोंधळलेली दिसली.

मग तिनं रजईची कड उचलून धरली. "उभा का? पाय घाल आत."

गेन्पाचीनं पाय आत घातले. आजीनं आपल्या पायानं ते चाचपून पाहिले.

"गार आहेत," ती म्हणाली. "लोकांना सांग, अजून थांबा."