बिननावाची घागर

वैरागडे सर नसते तर मी आज समुद्रपूरच्या जिनिंगमध्ये वडिलांसारखाच कापसाच्या गाठी ओढत असतो. त्यांच्या व्हरांड्यातल्या बल्बखाली बसून मी दहावी केली, बारावी केली, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आईने डिग्रीचा कागद देवघरात ठेवला, तेव्हा सर म्हणाले होते, "लॅमिनेशन करून घे रे, उदबत्तीनं जळेल."

सर विज्ञान शिकवायचे. हळदीच्या पाण्यात चुना टाकून लालभडक रक्त करून दाखवायचे आणि म्हणायचे, "झाला चमत्कार, पडा पाया." त्यामुळे फेसबुकच्या या पानावरचे अनुभव वाचून गालात हसणाऱ्यांपैकी मी एक. भूत, भानामती, अंगात येणं... कशावरही माझा विश्वास नव्हता. प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल सरांचा एकच नियम होता. जे दिसलं ते 'निरीक्षणा'त लिहायचं. त्यावरून जे कळलं ते 'अनुमाना'त. कळलं नसेल तर जागा रिकामी सोडायची, शेजाऱ्याचं पाहून भरायची नाही. तो नियम धरूनच पुढचं लिहितो आहे.

सरांचा एकुलता एक मुलगा मंगेश. मी नववीत होतो तेव्हा त्याने बारावीची परीक्षा दिली होती. मला सायकल त्यानेच शिकवली, आधी कैची, मग सीटवर. सायकल हे त्याचं वेड होतं. दिवसदिवस कुठल्या कुठल्या आडरस्त्यांना जायचा आणि संध्याकाळी येऊन गावांची नावं सांगायचा. त्याची एक लकब होती. वळायचं असलं की तो हात दाखवत नसे, त्या बाजूचा पाय लांब बाहेर काढायचा. "हँडल काऊन सोडावं?" म्हणायचा. त्याचं पाहून मीही तसंच करायला लागलो. अजून करतो. ऑफिसातले हसतात.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्याकडच्या अखजीच्या, आदल्या दिवशी सकाळी मंगेश "चक्कर मारून येतो" म्हणून सायकलवर निघाला, तो आलाच नाही. कोणीतरी त्याला नागपूरच्या बसजवळ पाहिल्याचं सांगितलं. म्हणून सगळा शोध नागपुरात झाला, मग पुण्या-मुंबईत. सरांनी पेपरात फोटो दिले, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. हाती काही लागलं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अखजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या घागरी भरतात. बाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. त्या दिवशी पितरांना पाणी दिल्याशिवाय नव्या माठातलं थेंबभर पाणीही घरात कोणी पीत नाही. दर अखजीला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घागरी मांडताना विचारायच्या, "मंगेशची भरू का?" सर म्हणायचे, "जिवंत माणसाची घागर भरत नाहीत." काकू पुढे बोलायच्या नाहीत. पण त्या वर्षापासून त्यांनी माठाचं पाणी सोडलं. तो गेलेलाच असेल तर तहानलेला आहे, आणि त्याला दिल्याशिवाय आपण कसं प्यायचं, एवढंच त्या एकदा माझ्या आईजवळ बोलल्या होत्या. भर वैशाखात बोअरचं कोमट पाणी पितात. सरांनी यावर कधी वाद घातला नाही. फ्रिजही घेतला नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी वर्ध्याला नोकरीला आहे, सिंदी मेघेत भाड्याने राहतो. सुट्टीच्या दिवशी एकटाच सायकलवर लांब जायची सवय आहे. यंदा अखजीला बायको माहेरी होती. मी पहाटे निघालो. देवळीवरून पुलगाव गाठलं, स्टेशनसमोर तर्री-पोहे खाल्ले. लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या बाजूला फिरकू देत नाहीत म्हणून आर्वीच्या रस्त्याला लागलो आणि थोडं पुढे जाऊन, कधीच न पाहिलेल्या एका आडरस्त्यावर सायकल घातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

डांबर संपलं, मग गिट्टी, मग नुसता मातीचा रस्ता. दोन्ही बाजूंना रिकामी काळी शेतं, बांधावर कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. ऊन असं की समोरचं सगळं हलताना दिसत होतं. बाटलीतलं पाणी गरम होऊन संपत आलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. मी परत फिरायच्या विचारात असताना पुढे एक सायकलवाला दिसला. जुनी काळी सायकल, पांढरा शर्ट. सपाट रस्त्यावरसुद्धा उभ्याने पायडल मारत होता. म्हटलं, हा गावाकडे चालला असेल, पाणी तरी मिळेल. मी वेग वाढवला, पण अंतर कमी होईना.

पुढे फाटा आला. त्याने उजवा पाय लांब बाहेर काढला आणि उजवीकडे वळला.

मी ब्रेक दाबून उभा राहिलो. मग स्वतःला समजावलं की अशी सवय दुसऱ्या कोणाला असू शकते. तहान लागली होती, म्हणून म्हणा, मीही उजवीकडे वळलो.

तो रस्ता एका घराच्या अंगणात संपत होता. पुढे नुसती शेतं. कौलारू घर, दारात कडुनिंब. सायकलवाला कुठेच नव्हता. निंबाखाली एक म्हातारे गृहस्थ पाण्याची बादली घेऊन उभे होते, जसं कोणी यायचं ठरलं आहे.

"या. पाय धुवा. पानं वाढून ठेवले," ते म्हणाले.

मी विचारलं, बाबाजी, तुम्ही कोणाची वाट पाहत आहात?

"तुमचीच. आता एक पोरगा सांगून गेला ना, मागून सायकलवाला येऊन राह्यला, त्याले बसवा म्हणून."

तो पोरगा कुठे गेला म्हटलं, तर त्यांनी शेताकडे हात केला आणि मला आत नेलं. दरवर्षी अखजीला या रस्त्याने जो परका माणूस येईल त्याला ते पितर म्हणून बसवतात, असं त्यांनी सांगितलं. यंदा कोणी आलं नव्हतं. दोघंही नवरा-बायको उपाशी थांबले होते. मला सरांचं 'पडा पाया' आठवलं, पण नाही म्हणवलं नाही. त्यांच्या बायकोने माझ्या कपाळाला गंध लावलं. पानात रस होता, कढी-वडे, शेवया, चिंचवणी. मी जेवलो.

भिंतीशी घागरी मांडल्या होत्या. दोन शेजारी शेजारी, त्यांच्यावर आंबा आणि खरबूज. तिसरी जरा लांब, दाराजवळ. मी सहज विचारलं, ती कोणाची?

बाईच बोलल्या. मी त्यांना माय म्हणत होतो, त्या मला बापू. त्यांचं बोलणं जसं आठवतं तसं देतो.

"ते एका पोराची हाय, बापू. लय वर्सं झाले. अखजीच्या आदल्या दिवशी भर उन्हात सायकलवर आलता. तोंड लालबुंद. माय, पाणी दे म्हणे. जुना माठ सकाळीच फुटलता. पाण्याचा गुंड रिकामा. नवा माठ मुरायले भरून ठेवला होता, पन अखजीच्या आदी त्यातलं कसं देऊ? म्या म्हटलं, ते पाहाय विहीर, बादली-दोर तिथंच हाय. थो हासला. सायकल फिरवली अन् गेला."

मग म्हणाल्या, "वळताना हात नाई दाखवला त्यानं. पाय दाखवला, असा लांब. मले हासू आलं."

तो विहिरीवरून परत आला नाही. उन्हाने भोवळ आली की पाय घसरला, कोणी पाहिलं नाही. सायकल काठावर उभी सापडली. दोन-तीन दिवसांनी बाहेर काढला तेव्हा चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता. खिशात काही नव्हतं. पोलीस आले, कागद झाले, विचारायला कोणी आलं नाही, आणि बेवारस म्हणून सगळं उरकलं. तेव्हापासून या घरी त्याची घागर भरली जाते. विहीर त्यांनी बुजवली. माय म्हणाल्या, "एक गिलास पाणी होतं, बापू. घरात होतं."

मी त्यांना पायाची गोष्ट सांगितलेली नव्हती. मी तर मंगेशचं नावही काढलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

जेवण झाल्यावर पाणी सोडायचं होतं. पहिल्या दोन घागरींना मायनी नाव घेऊन पाणी दिलं, सासऱ्यांचं आणि सासूबाईंचं. तिसरीपाशी येऊन त्यांनी तांब्या हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"याचं नाव काय घ्यावं, मले दरसाली समजत नाई. सायकलवाला पोरगा म्हणतो. पोचत असंन का थे?"

मला मंगेशचं नाव माहीत होतं, पण पुरावा माझ्याजवळ काहीच नव्हता. त्या घरात ते नाव घेणं म्हणजे सर इतकी वर्षं जे घेऊ देत नव्हते ते आपण घेणं. आणि गप्प बसलो तर त्या बाईचं पाणी पुन्हा एक वर्ष कोणाच्याच नावाने जाणार नव्हतं. आणि काकूंचं माठाचं पाणीही सुटलेलंच राहणार होतं.

"मंगेश म्हणा," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं नाही, तुम्हाला कसं माहीत. नाव घेऊन पाणी सोडलं. मग म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं, "त्याची माय हाय का?" मी आहे म्हटलं. ते दोघं माझ्यासमोर खाली मान घालून बसले. मला त्यांच्याकडे पाहवेना आणि उठवतही नव्हतं.

परत निघालो तेव्हा मातीच्या रस्त्यावर फुफाटा घोट्यापर्यंत होता. येताना उठलेला टायरचा माग स्वच्छ दिसत होता. फाट्यापर्यंत मी तो बघत आलो. एकच माग होता, माझा.

तुम्ही म्हणाल, उन्हामुळे भास झाला. मी स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण मग म्हाताऱ्यांना येऊन कोणी सांगितलं? फाट्यावरचा पाय मी पाहिला आणि मायचा पाय मी नंतर ऐकला, हा क्रम मला उलटा करता येत नाही. त्या मुलाची सायकल, कपडे, काहीही आता शिल्लक नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

सरांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. त्यांच्या आवाजासमोर मला हे बोलता आलं नसतं. शेवटी हाताने पत्र लिहिलं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते इथे जसंच्या तसं देतो.

आदरणीय सर,

सा. न.

आपण शिकवल्याप्रमाणे लिहितो.

निरीक्षण: पुलगावच्या पुढे एका घरी बऱ्याच वर्षांपूर्वी, मंगेशदादा गेला तसाच अखजीच्या आदल्या दिवशी, एक सायकलवाला मुलगा पाणी मागायला आला होता. तो विहिरीत गेला. वळताना त्याने पाय दाखवला होता. त्या घरची बाई तेव्हापासून त्याची घागर भरते, पण तिला नाव माहीत नव्हतं. मला तिथपर्यंत कोणीतरी रस्ता दाखवला. तो कोण, हे मी पाहिलं आहे, पण लिहीत नाही. त्या घरच्यांना दोष देऊ नका. ते दोघं अजून त्या दिवसातच आहेत.

अनुमान:

ही जागा मी रिकामी सोडतो. भरायची की नाही हे तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तेव्हा मी तुम्हाला तिकडे घेऊन जाईन.

एवढंच की मी तुम्हाला न विचारता नाव सांगितलं. यंदा त्याची घागर भरली गेली आहे, सर. काकूंना माठातलं पाणी द्या.

आपला विद्यार्थी