सोमवारचा घोडेस्वार

बेल्ह्याच्या बाजारतळाशी भजी तळणारे काका बँकेतून संध्याकाळी रद्दीत येणाऱ्या इंग्रजी पेपरातला घोडेस्वार रोज कापून ठेवायचे. तीन चौकटींची परदेशी चित्रकथा. कणकेच्या खळीनं ती वहीत चिकटवायचे. सोमवारी मात्र बाजाराच्या गर्दीत कापायचं राहायचं आणि घोडेस्वार भज्यांसकट गिऱ्हाइकाच्या हातात जायचा.

“मग सोमवारी तो काय करतो?” मी विचारायचो.

“बाजाराला जात आसंल, पावणं.”

मी नांदेडकडचा, कांद्याच्या वखारीत कामाला. शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी वाचायला काकांनीच शिकवलं, त्याच वहीवर बोट ठेवून.

पण खळीमुळे वहीला कसर लागली. घोड्यांचे पाय गेले, बोलणी गेली. “ह्ये कुनीतरी जाड कागदावर नीट छापाया पायजे,” काका म्हणायचे. “सोमवारासकट.” मी पुण्याला निघालो तेव्हा म्हणाले, “पुस्तकांच्या दुकानात इचारून या राव.”

पुण्यातला दुकानदार हसला. “ते कोण वाचतंय? कोण छापणार?”

परत आलो तर काकांनी हातातला झारा खाली ठेवला. तसा ते कधी ठेवत नसत. मला खरं सांगवेना. म्हणालो, “छापतायत. पुढल्या वर्षी पुस्तक येणार.”

“लई बेस झालं.”

पुढच्या सोमवारी गर्दीत रद्दी संपली. काकांनी फळीवरची वही ओढली, पान फाडलं आणि त्यावर गरम भजी घालून माझ्यापुढे धरली.

“आता काय, पुस्तकच येनार हाय.”

घोडेस्वाराच्या तोंडावर तेल पसरत गेलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी दुसरं पान फाडलं होतं.