पाचचा प्रयोग आणि चिकटवलेली कवळी

नामदेवरावांनी रुमालातून वरची कवळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. कवळी मधोमध तुटलेली होती. पण ती त्यांनी घरीच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडली होती. तुटल्याचं मला फार वाटलं नाही. जोडल्याचं वाटलं.

ते काहीतरी बोलले. वरचे दात नसले की 'त', 'द', 'स' ही अक्षरं तोंडातच राहतात, कारण जिभेला टेकायला जागा नसते. तिसऱ्यांदा मला कळलं. "डॉक्टर, आज पाचला प्रयोग हाये."

रविवार होता. एरवी माझं क्लिनिक बंद असतं, पण त्यांच्या घरून फोन आला म्हणून उघडलं होतं. घड्याळात अकरा वाजत आले होते.

नामदेवराव चितेगावचे. एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. गावातल्या आठ-दहा जणांची छोटी नाटकमंडळी आहे, त्यात ते पहिल्यापासून. दरवर्षी ही मंडळी संभाजीनगरला स्पर्धेत नाटक करते. नामदेवरावांच्या वाट्याला हवालदार, पोस्टमन, गर्दीतला गावकरी. यंदा पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती. एका घरात राहून वर्षानुवर्षं बायकोशी न बोलणारा म्हातारा. बायकोशी बोलत नाही, पण बाकी सगळ्यांशी अखंड बोलतो. निम्मं नाटक त्याच्याच तोंडी.

सकाळी बेसिनवर धुताना कवळी हातातून निसटली होती. गोंद का लावला, असं मी विचारलं. नाटकातल्या कुणालाच त्यांना कवळी आहे हे माहीत नव्हतं आणि ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून घरीच भागवायचं पाहिलं होतं. मी म्हणाले, या खुर्चीतली गोष्ट बाहेर जात नाही.

आता कामाचं सांगते. पूर्ण कवळी स्क्रूनं किंवा तारेनं बसत नाही. ती टाळूला तंतोतंत बसते आणि मध्ये लाळेचा पातळ थर असतो, त्या पकडीवर टिकते. केसभर फरक पडला तरी सुटते. नामदेवरावांनी तुकडे जोडताना तेवढा फरक नक्कीच केला होता. घातली की डुगडुगत होती. त्यामुळे दुरुस्तीची पहिली पायरी एकच होती. मी कवळी दोन्ही हातांत धरली आणि गोंदाच्या जागी पुन्हा तोडली.

नामदेवराव खुर्चीत अर्धे उठले. त्यांना वाटलं संपलं सगळं.

मी त्यांना बसवलं आणि एकेक करत दाखवत गेले. आधी गोंद खरवडून काढला. तुकडे नीट जुळवून मेणानं तात्पुरते धरले. आतल्या बाजूला प्लास्टरचा साचा केला, म्हणजे ते हलणार नाहीत. मग चीर रुंद करून त्यात ॲक्रिलिक भरलं. ही पावडर आणि लिक्विड कालवून केलेली लुकणी. थोड्या वेळात दगडासारखी होते. घाई केली तर आत बुडबुडे राहतात. म्हणून थांबलो.

थांबलो असताना त्यांचा फोन वाजत होता. ते घेत नव्हते. बोलणार कसे? बाराच्या सुमारास दारावर टकटक झाली. नाटकाचे दिग्दर्शक इरफान सर, शाळेत चित्रकला शिकवतात ते, आणि मंदाताई. मंदाताई अंगणवाडी सेविका आहेत. नाटकात नामदेवरावांची बायको त्याच. हिरो फोन घेत नाही म्हणून दोघं त्यांच्या घरी गेले होते, आणि घरच्यांनी सरळ माझा पत्ता दिला होता.

नामदेवरावांनी गमछा तोंडावर घेतला. मी काही बोलायच्या आत मंदाताई स्टुलावर बसल्या.

"भाऊ, काढा तो गमछा. मला लई वर्सांपासून ठाऊक हाये. जेवण झालं की तुम्ही हौदापाशी पाठ फिरवून उभे राहता."

इरफान सर खाली बघून म्हणाले, त्यांनाही माहीत होतं. गमछा खाली आला. नामदेवराव आधी ओशाळले, मग असे हसले की त्यांचं मोकळं बोळकं आम्ही तिघांनी पाहिलं.

साडेबाराला कवळी तोंडात गेली. पकड छान आली. पण 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. पुढच्या दातांच्या मागे दुरुस्तीचा भाग जाड झाला होता, हवेला वाट अरुंद. इरफान सरांनी स्वतः डोळे मिटले आणि त्यांना संवाद म्हणायला लावले. मी घासायचं, नामदेवरावांनी बोलायचं, सरांनी ऐकायचं. "अजून थोडी हाय, मॅडम." पुन्हा घासलं. चौथ्या वेळी सर डोळे मिटूनच म्हणाले, "बस. आता आवाज त्यांचा हाय."

मग मी सांगितलं की आज कडक काही चावायचं नाही. ताजा सांधा आहे, बोलण्याला पुरेल, चावण्याला पुरणार नाही.

नाटकाचा शेवटच चावण्यावर होता. म्हातारा एकटा ताटावर बसतो, वाळलेली भाकरी मोडतो आणि बायकोकडे न बघता कराकरा खातो. पडदा. ताजी, मऊ भाकरी देऊ, असं सर म्हणाले. पण नाटकात ती सकाळची असते, आणि कराकरा वाजली नाही तर म्हाताऱ्याचा राग दिसणार कसा? मी म्हणाले, बोला कितीही, भाकरीची हमी मी देत नाही.

मंदाताई उठल्या. "मी बघते. सर, आत्ता मला काही विचारू नका."

पाचला मी नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत होते. खरं सांगते, पहिला अर्धा तास मी नाटक ऐकलंच नाही, फक्त 'स' ऐकले. सगळे नीट होते. त्यानंतर कधीतरी मी कवळी विसरले.

शेवटी म्हातारा ताटावर बसला. भाकरी हातात घेतली आणि थांबला. मला माहीत होतं का थांबला. बाकी सभागृहाला वाटलं, तो कशाची तरी वाट बघतोय. मंदाताई स्वयंपाकघरातून आल्या. त्याच्या हातातून भाकरी घेतली, ताटात बारीक कुस्करली, वर दूध ओतलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. एक शब्द नाही. नामदेवरावांना हे आधी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. सगळ्या नाटकात पहिल्यांदा. मग पहिला घास घेतला. ते बघणं अभिनय नव्हतं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

स्पर्धेत नाटक दुसरं आलं. इरफान सरांनी नवा शेवट संहितेत कायमचा लिहून टाकला. नामदेवरावांना मी पुढच्या महिन्यात नवीन कवळी करून दिली. ती घालून ते शेंगदाणेही खातात.

मी इतकी वर्षं दात बसवतेय. आपलं काम कुठपर्यंत टिकेल हे सांगायला आम्हाला जड जातं. पेशंटचा विश्वास उडेल असं वाटतं. पण वेळेत आणि स्पष्ट सांगावं. पुढची सोय माणसं आपापली करून घेतात, आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगली.